दाभणाच्या टोकाएवढं

बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रस्ते खात्याची सात नंबरची गाडी भंगारात निघाली. कागदावर सही झाली, सहीखाली शिक्का बसला आणि शाई ओली राहू नये म्हणून साहेबांनी स्वतः त्यावर फुंकर मारली. पण ते तूर्त राहू द्या. असं काही घडलंच नाही असं धरून चालू. सोमवारी सकाळी मिस्त्रीही तेच धरून चालला होता, आणि त्या बिचाऱ्याला एकट्याला पाडणं बरं दिसत नाही.

तर सोमवार. सकाळचे साडेसात.

"मार सेल्फ," मिस्त्री इंजिनात डोकं घालून म्हणाला.

"मारतोय," ड्रायव्हर केबिनमधून म्हणाला.

गाडी घरघरली, थांबली. पुन्हा घरघरली, पुन्हा थांबली. सातव्या वेळी मागून पांढरा धूर आला, आठव्या वेळी धूरही आला नाही. मिस्त्रीने डिझेलचा हँडपंप पन्नास वेळा दाबला, पाइपातली हवा काढली, कपाळ पुसलं. अकराव्या वेळी गाडी खोकत खोकत चालू झाली आणि नाइलाजाने नोकरीवर आल्यासारखी थरथरत उभी राहिली.

हिला सगळे मावशी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण नाव बरोबर होतं. मावशीसारखीच ती प्रत्येक कामाला आधी नाही म्हणायची, मग करायची, आणि केल्यावर चार लोकांत ऐकवायची. तिचं काम खडी वाहायचं. रस्त्याला खड्डा पडला की मावशी खडी घेऊन जायची. गेला महिनाभर मात्र ती खड्ड्यापर्यंत पोचण्याआधीच रस्त्याच्या मधोमध बंद पडत होती. लोकांचं म्हणणं होतं, खड्डा परवडला. खड्ड्याला निदान वळसा घालता येतो.

मिस्त्रीला वर्कशॉपात येऊन चौतीस वर्षं झाली होती. थकवा हा त्याचा आजार नव्हता, हुद्दा होता. खाली वाकला की गुडघे बोलायचे आणि वर उठला की कंबर उत्तर द्यायची. त्या दोघांच्या संभाषणात तो पडत नसे. नवीन गाड्यांना कॉम्प्युटर जोडून बिघाड शोधायचे दिवस आले होते. मावशीला कॉम्प्युटर जोडायला जागा नव्हती. एकच भोक होतं आणि त्यात चिमणीने घरटं केलं होतं.

त्याची एक रीत होती. बिघाड आला की तो पाना उचलायच्या आधी ड्रायव्हरला तीन प्रश्न विचारायचा. कधी, कुठे, किती वेळाने. "आधी माणूस उघडायचा, मग इंजिन," असं तो म्हणे. माणूस बंद करताना बोल्ट उरत नाहीत, हा फायदा.

"कधीपासून?"

"महिना झाला."

"कुठे बंद पडते?"

"न्हाव्यापाशी."

"कुठल्या न्हाव्यापाशी?"

"चढ संपतो तिथला हो. त्याच्या दुकानासमोर, दारात. तो बिचारा खुर्ची बाहेर आणून देतो. आता बसलोच आहे तर म्हणून दाढी करून घेतो. पंधरावीस मिनिटं गाडी उभी राहिली की पुन्हा चालू होते."

मिस्त्रीने मान वर करून ड्रायव्हरकडे नीट पाहिलं. खरंच, गेला महिनाभर त्याचे गाल इतके गुळगुळीत होते की लग्नातसुद्धा नसतील.

"महिन्यात किती दाढ्या झाल्या?"

"अठरा. बायको म्हणते, कुणासाठी एवढं चाललंय? मी म्हटलं, खात्यासाठी."

"रोज त्याच जागी?"

"जवळपास. कधी थोडी पुढे, शाळेपाशी. शाळेपाशी पडली की दाढी नाही. पोरं हसतात ते वेगळं."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण फळ्यावर नोटीस लागली होती. बुधवारी अकरा वाजता समिती येणार होती. सात नंबरची गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली पाहिजे आणि खडीने भरलेली अशी आवारात तीस मिनिटं न थांबता फिरली पाहिजे. नाहीतर भंगार. गाडी भंगारात गेली की ड्रायव्हर गेटवर. तिथे एक स्टूल होतं. नव्या गाड्या ठेकेदाराच्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर त्याच्याबरोबरच येत. खात्याचे जुने ड्रायव्हर एकेक करून त्या स्टुलावर बसले होते आणि बसल्यावर सहा महिन्यांत म्हातारे झाले होते. पाच नंबरचा ड्रायव्हर तर गेटमधून जाणाऱ्या सायकलींनाही सलाम करायला लागला होता.

"मिस्त्री," ड्रायव्हर केबिनमधून उतरला नाही, तिथूनच म्हणाला, "बावीस वर्षं या सीटवर बसलोय. ही सीट माझ्या आकाराची झालीय. स्टूल सपाट आहे हो."

"बघू," मिस्त्री म्हणाला. चौतीस वर्षांत त्याने याहून मोठं आश्वासन कुणाला दिलं नव्हतं.

त्याने क्रमाने सुरुवात केली. बॅटरी बरी होती. फिल्टर बदलला. मग त्याने पाच लिटरचा डबा डिझेलने भरून केबिनच्या बाजूला टांगला आणि त्याची नळी सरळ इंजिनाला जोडली. म्हणजे टाकीला मधून काढून टाकलं. मावशी एक तास चालली. खोकली नाही, कण्हली नाही. एखादी बाई माहेरी आल्यावर चालते तशी चालली.

"म्हणजे इंजिन ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला. "दुखणं टाकीकडे आहे."

"मग डबाच ठेवू या ना टांगलेला."

"आणि नोटिशीच्या उत्तरात काय लिहू? गाडीला सलाईन लावून आणली आहे?"

आता डिझेल येताना दिसलं पाहिजे होतं, म्हणून पारदर्शक नळी हवी होती. खात्यात पारदर्शक असं काहीच नव्हतं. शेवटी स्टोअरच्या बाईंनी स्वतःची नळी दिली. त्यांच्या टेबलावर काचेच्या पेटीत तीन मासे होते आणि त्याच नळीने बाई माशांचं पाणी बदलत.

"शनिवारपर्यंत परत पाहिजे," बाई म्हणाल्या. "शनिवारी आंघोळ असते त्यांची. आणि धुऊन द्या. मागे पाना दिला होता तर हातोडा परत आला."

मिस्त्रीने नळी मध्ये जोडली आणि गाडी टाकीवर चालू केली. नळीतून डिझेल सोनेरी, शांत येत होतं. बुडबुडे नव्हते. बारा मिनिटांनी काहीतरी विचित्र झालं. नळी हळूहळू चपटी व्हायला लागली. बंद बाटलीतून कुणी स्ट्रॉने ओढत राहावं तशी ती आत आत बसत गेली आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

"कुणीतरी डिझेल मागे धरून ठेवलंय," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

"टाकी. आत कचरा असेल, पाइपाच्या तोंडाशी. टाकी उघडून बघायला पाहिजे."

टाकी उघडता येत नव्हती. टाकीच्या झाकणावर लाख होती. एका महिन्यापूर्वी इंधन बचत पंधरवड्यानिमित्त असं ठरलं होतं, की डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक टाकीचं झाकण लाखेने बंद करावं आणि त्यावर खात्याचा शिक्का मारावा. डिझेल भरताना शिपाई यायचा, लाख फोडायचा, भरून झालं की मेणबत्ती पेटवून नवी लाख ओतायचा. हातात पेटती मेणबत्ती घेऊन डिझेलच्या टाकीवर वाकणारा हा शिपाई या कथेतला एकमेव शूर माणूस आहे; पुढे त्याचं काही विशेष काम नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मिस्त्रीने लाख फोडण्याच्या परवानगीचा अर्ज केला. दीड तासात उत्तर आलं, ही खात्याच्या मानाने विजेची चपळाई होती. उत्तर होतं, "विचाराधीन."

मग त्याने दुसरी वाट धरली. पाइप इंजिनाकडून सोडवला आणि पंपाने त्यातून उलटी हवा मारली, टाकीच्या दिशेने. टाकीत गुडगुड झालं. "गेला कचरा," मिस्त्री म्हणाला. पाइप जोडला. मावशी दुसऱ्या सेल्फला चालू झाली. ड्रायव्हरने ती चढावर नेली, न्हाव्याला हात केला, शाळा ओलांडली, पूल ओलांडला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून स्टोअरच्या बाईंनी विचारलं, "नात झाली की काय?"

मिस्त्री त्या संध्याकाळी घरी गेला तो जरा ताठ चालत गेला. कंबर काही बोलली नाही.

मंगळवारी सकाळी मावशी चौदाव्या सेल्फला चालू झाली.

आदल्या संध्याकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरून, नवी लाख लावून ठेवली होती. मिस्त्री ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसला. दोघंही रस्त्याकडे बघत राहिले. चढ आला. चढ संपला. न्हावी दुकानातून बाहेर येऊन उभाच होता. मावशीने दोन आचके दिले आणि त्याच्या दारात शांत झाली.

"आज दोघं?" न्हावी म्हणाला आणि दुसरी खुर्ची आणायला आत गेला.

मिस्त्री खुर्चीवर बसला. त्याला दाढी करायची नव्हती, पण उठायचंही नव्हतं. ड्रायव्हरच्या गालावर साबण फेसाळत होता आणि साबणाच्या वर दोन डोळे गेटच्या दिशेने, म्हणजे तीन मैलांवरच्या एका स्टुलाकडे, बघत होते.

"काल हात करून सरळ कुठे गेलात?" न्हाव्याने विचारलं. "काल शाळेपाशी पडायचा दिवस नव्हता."

"दिवस असतो काय?" मिस्त्री म्हणाला.

"असतो की. टाकी भरलेली असली की माझ्याकडे. अर्धी असली की शाळेपाशी. आदल्या दिवशी डिझेल भरलं असलं की मी सकाळी गरम पाणी ठेवूनच बसतो."

मिस्त्रीने त्याच्याकडे वळून पाहिलं. "भरलेली असली की लवकर बंद पडते? आणि अर्धी असली की उशिरा?"

"पोटभर जेवलेल्याला झोप येते, तसं असेल," ड्रायव्हर साबणातून म्हणाला.

"हलू नका हो," न्हावी म्हणाला. "वस्तरा आहे."

हे उलटं होतं. डिझेल जास्त तर गाडी जास्त चालायला पाहिजे. मिस्त्री वर्कशॉपात आला, गाडीखाली शिरला आणि टाकीपासून इंजिनापर्यंत सगळा पाइप बदलला. जुना पाइप कापून पाहिला तर आत कचऱ्याचा कणही नव्हता. नवा पाइप लावूनही नळी बारा मिनिटांत चपटी झाली. चार वाजता तो गाडीखाली नुसताच आडवा पडून राहिला. वर मावशीचं पोट होतं, काळं, तेलकट, ओळखीचं. त्याच्या मनात आलं की या धंद्यात तो पडला तो बहुधा आडवं पडायला मिळतं म्हणूनच.

ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "मिस्त्री, झोपलात?"

"विचार करतोय."

"घोरत होतात."

"जोरात विचार करत होतो."

ड्रायव्हर तिथेच उकिडवा बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "नसेल होत तर राहू द्या हो. मी मघाशी जाऊन स्टूल बघून आलो. एक पाय आखूड आहे. खाली कागद लावला तर डुगडुगणार नाही."

मिस्त्रीने पाना पिशवीत टाकला आणि तो घरी गेला.

घरी बायको स्वयंपाकघरात तेलाच्या नव्या डब्याशी भांडत होती. डबा पत्र्याचा, चौकोनी, काठोकाठ भरलेला. तिने कोपऱ्यात खिळ्याने एक भोक पाडलं होतं आणि डबा वाकडा धरला होता. तेल दोन थेंब पडलं, गुटुक असा आवाज झाला, थांबलं. पुन्हा गुटुक, पुन्हा थांबलं.

"अहो, बघत काय उभे राहिलात? तो खिळा द्या इकडे."

"भोक पाडलंयस की."

"एका भोकाने तेल पडतं होय? दुसरं नको का वाऱ्याला?" तिने समोरच्या कोपऱ्यात खिळा ठेवला, लाटण्याने एक ठोका दिला, आणि डबा पुन्हा वाकडा केला. तेलाची सरळ, अखंड धार लागली. "चौतीस वर्षं मशिनी दुरुस्त करताय आणि एवढं कळत नाही. जेवढं बाहेर जाईल तेवढा वारा आत यायला नको? भरलेल्या डब्याला तर आधी पाहिजे. रिकाम्यात निदान आत थोडा वारा असतो."

मिस्त्री मोरीपाशी जाऊन स्टुलावर बसला. घरच्या स्टुलाचे पाय सारखे होते.

टाकीच्या झाकणाला एक भोक असतं. बारीक, दाभणाच्या टोकाएवढं. त्यातून टाकी वारा घेते. इंजिन डिझेल ओढतं, तेवढा वारा त्या भोकातून आत येतो. त्या भोकावर महिनाभर लाख होती. टाकी आतून ओढ धरून बसत होती आणि शेवटी डिझेल सोडत नव्हती. उभी राहिली की इकडून तिकडून चोरून थोडा वारा घ्यायची, म्हणून पुन्हा चालायची. संध्याकाळी गाडी बंद केल्यावर टाकी गार होत जायची तशी तीच ओढ पाइपातलं डिझेल मागे खेचून घ्यायची, म्हणून सकाळी चौदा सेल्फ. सोमवारी त्याने कचरा काढला नव्हता. टाकीत वारा भरला होता. सगळं एका भोकाचं होतं. झाकण त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि दोन दिवसांत त्याने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, कारण त्यावर शिक्का होता. शिक्का ही दुरुस्त करायची वस्तू असू शकते हे चौतीस वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. लाखेचं परिपत्रक वर्कशॉपातही आलं होतं. "झाकण त्यावरील छिद्रासह पूर्णतः बंद करण्यात यावे." खाली एक ओळ होती, "यांत्रिक विभागाची हरकत नाही," आणि त्या ओळीखाली सही होती. तो गाडीखाली असताना शिपायाने कागद खाली धरला होता आणि त्याने आडव्यानेच केली होती.

"काय झालं?" बायको म्हणाली. "असे काय बसलात?"

"काही नाही. सही केली होती."

"कसली?"

"वाचली असती तर सांगितलं असतं." मग उठून म्हणाला, "तुझं दाभण कुठे आहे?"

बुधवारी सकाळी आठ वाजता मिस्त्रीने दाभण काडीवर तापवलं, लाखेत नेमक्या जागी घातलं आणि बाहेर काढलं. आवाज आला, श्श्श असा, बारीक आणि लांब. संपेचना. दोन दिवस छातीत धरलेलं कुणीतरी सोडून द्यावं तसा.

"साप आहे का आत?" ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

"नाही. मावशीने श्वास घेतला. मार सेल्फ."

मावशी पहिल्या सेल्फला चालू झाली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि पुन्हा मारलं. पुन्हा पहिल्या सेल्फला. पाचव्यांदा मारल्यावर मिस्त्री म्हणाला, "पुरे. दृष्ट लागेल." ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून हात फिरवला.

मग मिस्त्रीने त्याला सहीचं सांगितलं.

"वाचून केली होती?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही."

"मग तुमची कसली? हाताची."

अकराला समिती आली. समितीत तिघं होते. आपले साहेब, साहेबांचे साहेब, आणि तिसरे एक जे काहीच बोलले नाहीत, त्यामुळे ते सगळ्यांत मोठे असावेत. मावशी पहिल्या सेल्फला चालू झाली. साहेबांच्या साहेबांनी भुवया उंचावल्या. खडीने भरलेली मावशी आवारात फेऱ्या मारू लागली. पहिली फेरी, दुसरी, पाचवी. स्टोअरच्या बाई खिडकीत आल्या. दहाव्या मिनिटाला बाहेरची पाहणी म्हणून, इंजिन चालू ठेवून, गाडी थांबवण्यात आली. साहेब टाकीपाशी वाकले.

"हे काय?"

"भोक आहे साहेब," मिस्त्री म्हणाला.

"लाखेला भोक?"

"टाकीला वारा लागतो साहेब. तो बंद झाला की गाडी बंद पडते. तेवढाच बिघाड होता. भोकातून थेंबभर डिझेल कुणी काढू शकत नाही, दाभणाच्या टोकाएवढं आहे."

"परिपत्रकात छिद्राबद्दल काय म्हटलंय?"

"छिद्रासह बंद करावं, असं."

"आणि यांत्रिक विभागाचं काय म्हणणं होतं?"

"हरकत नाही, असं."

"मग आता हरकत कोण घेतंय?"

"मीच," मिस्त्री म्हणाला.

साहेबांना हे पटलं असावं असं क्षणभर वाटलं. पण ते मागे वळून समितीतल्या बाकी दोघांकडे बघत होते. फुटक्या शिक्क्याची गाडी तपासणीत पास झाली, तर शिक्का कशाला होता असा प्रश्न तिसरे गृहस्थ विचारू शकले असते. म्हणजे ते बोलू शकत असते तर. साहेबांनी शिपायाला बोलावलं. शिपाई मेणबत्ती घेऊन आला. मावशीचं इंजिन चालू असतानाच तिच्या टाकीवर नवी लाख ओतण्यात आली आणि त्यावर शिक्का उमटला.

"हं, चालू द्या," साहेब म्हणाले. "अजून वीस मिनिटं."

मिस्त्री धावत केबिनपाशी गेला. "टाकी किती आहे?"

"पाऊण."

मिस्त्रीने मनात हिशेब केला. भरलेली असती तर न्हावी. अर्धी असती तर शाळा. पाऊण म्हणजे दोन्हींच्या मध्ये. "हळू घे. चढाच्या बाजूला उगाच रेस करू नकोस."

"मावशीला सांगा की," ड्रायव्हर म्हणाला.

त्यानंतरच्या फेऱ्या वर्कशॉपातला प्रत्येक माणूस मोजत होता. पंधरा मिनिटं. वीस. ड्रायव्हर गाडी अशी चालवत होता, की मागे खडी नाही, तान्हं मूल झोपलंय. पंचवीस. स्टोअरच्या बाईंनी खिडकीचा गज धरला होता. सव्विसाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज पातळ झाला. मिस्त्रीला तो सगळ्यांच्या आधी ऐकू आला. सत्ताविसाव्या मिनिटाला पहिला आचका. ड्रायव्हरने क्लच दाबला, गाडी उतारावर सोडली, अर्धा मिनिट नुसत्या वजनावर चालवली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मावशी बरोबर साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि शांत झाली.

टाकीवरची लाख अजून ताजी, लाल, चकचकीत होती.

फॉर्म एक पानी होता. "वाहन बंद पडण्याचे कारण" या ओळीसमोर तीन चौकोन होते. चालकाची चूक. देखभालीतील त्रुटी. वाहनाचे आयुष्य संपले. खाली यांत्रिक विभागाची सही. मिस्त्रीने फॉर्म दोनदा वाचला. आता तो सगळंच वाचत होता. चौथा चौकोन नव्हता.

त्याने देखभालीतील त्रुटी या चौकोनात खूण केली. त्रुटी दुरुस्त होते. आयुष्य संपलेलं दुरुस्त होत नाही. समोर लिहिलं, "टाकीचे छिद्र बंद केल्यामुळे. हरकत नसल्याची सही माझीच."

साहेबांनी फॉर्म वाचला आणि त्याला बाजूला घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचेही डोळे थकलेले होते.

"असं लिहिलंत तर चौकशी लागेल."

"लागू दे साहेब. माझी लागेल."

"चौकशी तुमच्यापाशी थांबते होय? लाखेचं परिपत्रक बाहेर निघेल. परिपत्रकावर माझ्या वरच्यांची सही आहे. त्यांच्या वरच्यांची आहे. वरपर्यंत सगळ्यांनी तुमच्यासारखीच केली आहे." साहेबांनी तो फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि नवा दिला. "नीट भरा."

मिस्त्रीने नवा फॉर्म तसाच भरला. साहेबांनी तोही खिशात ठेवला. तिसरा फॉर्म आला तो खूण होऊनच आला. तिसऱ्या चौकोनात. फक्त सही बाकी होती.

मिस्त्री पेन हातात धरून उभा राहिला. पाच मिनिटं झाली असतील. समिती घड्याळाकडे बघत होती. ड्रायव्हर केबिनमधून उतरला, दार नीट लावलं, एकदा ओढून पाहिलं आणि त्याच्याजवळ आला.

"करा सही, मिस्त्री."

"गाडी चांगली आहे."

"माहीत आहे मला. तुम्ही चौथा फॉर्म मागाल, मग ते चालकाची चूक करून आणतील. मग स्टूलपण जाईल. करा."

"वाचून करतोय या वेळी," मिस्त्री म्हणाला. आणि त्याने सही केली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांनी शिक्क्यावर फुंकर मारली. हे आपण आधी पाहिलंच आहे.

मावशी आता मागच्या आवारात, भिंतीला लागून उभी आहे. तिच्या टाकीत पाऊण टाकी डिझेल आहे. ते काढायचं तर लाख फोडावी लागेल आणि लाख फोडायची परवानगी विचाराधीन आहे. मासे बरे आहेत. नळी धुऊन दिली होती, पण एक मासा अजून जरा तिरका पोहतो. न्हावी मधूनमधून दारात येऊन चढाकडे बघतो.

ड्रायव्हर गेटवर बसतो. स्टुलाच्या आखूड पायाखाली त्याने घडी केलेला कागद लावला आहे. तो लाखेच्या परिपत्रकाची प्रत आहे, हव्या त्याच जाडीचा मिळाला. सकाळी मिस्त्री आत जाताना दोघं एकमेकांना हात करतात. न्हावी वाटेत लागत नाही, त्यामुळे ड्रायव्हरची दाढी वाढली आहे. ती पांढरी आहे. इतकी पांढरी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पुढे एका शुक्रवारी मिस्त्रीने आवक विभागात एक अर्ज दिला. त्याला क्रमांक मिळाला. अर्ज असा:

"महोदय, विषय: सात नंबरच्या वाहनाच्या टाकीबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर ~~मावशीस~~ वाहनास मागील आवारात उभे करण्यात आले असून तिचे आयुष्य संपल्याचे खात्याने मान्य केले आहे. त्याबाबत अर्जदाराची हरकत नाही. तथापि टाकी लाखबंद असल्याने आतील ओढ दिवसा उन्हाने कमी व संध्याकाळी जास्त होते, व पत्र्याचा आवाज होतो. तो गेटपर्यंत ऐकू जातो. गेटवरील कर्मचारी त्या वेळी स्टुलावरून उठून उभे राहतात, व पुन्हा बसतात.

तरी सदर वाहन आवारात असेपर्यंत टाकीच्या झाकणावरील लाखेत दाभणाच्या टोकाएवढे एक छिद्र ठेवण्याची परवानगी मिळावी. दाभण अर्जदार स्वखर्चाने आणेल. कळावे."